पाळी चुकली की जीव टांगणीला: साधन वापरूनही वाटणारी दिवस जाण्याची भीती

आरोग्य पाठ



गटाच्या बैठकीत बचत, कर्ज, हप्ता, व्याज यावर आपण मोकळेपणाने बोलतो. पण सह्या झाल्या, रजिस्टर मिटलं, की चपला घालता घालता एखादी ताई हळूच बाजूला घेऊन विचारते, "ताई, गोळ्या तं रोजच्या रोज घेते, पण या महिन्यात पाळी आली नाही वं. काही झालं तं नसंन ना?" दुसरीचं अंतराचं इंजेक्शन चालू असतं आणि चार महिने पाळीचा पत्ता नसतो. तिसरीने तांबी बसवलेली असते, पण दोरा हाताला लागत नाही. चौथीचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झालेली असतात, तरी पाळी आठ दिवस लांबली की तिची झोप उडते.

ही भीती खापा आणि आसपासच्या गावांत घरोघरी आहे. साधन न वापरणारीला ती वाटते, तशीच साधन वापरणारीलाही वाटते. फरक एवढाच की साधन वापरणारी कोणाला सांगत नाही. "एवढं करूनही भेव वाटते म्हणजे माझंच काही चुकलं असंन," असं तिला वाटतं. मग ती एकटीच दिवस मोजत बसते.

नुकसान या गप्प बसण्यातून होतं. कोणी घाबरून गोळ्या मध्येच बंद करते आणि त्यानंतरच दिवस जातात. कोणी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पाडायच्या गोळ्या आणते आणि रक्तस्राव थांबत नाही म्हणून रात्री गाडी शोधावी लागते. कोणी "ऑपरेशन झालंय, मग दिवस कसे जातील" असं म्हणत तीन महिने काढते आणि हातातली वेळ निघून जाते. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे ते उगीच नाही. एका महिन्याची ही चिंता बाईची मजुरी, झोप, घरातली शांतता आणि कधी कधी जीवही घेऊन जाते.

म्हणून या पाठाचं सांगणं एकच आहे: भीती मनात मोजू नका, तारीख वहीत मोजा, आणि तारीख चुकली तर अंदाज न करता तपासणी करा.

१. भीती खोटी नाही, पण तिचं माप कळलं पाहिजे

कोणतंही साधन शंभर टक्के नसतं. हे लपवण्यात अर्थ नाही. पण "शंभर टक्के नाही" याचा अर्थ "काही भरवसा नाही" असाही होत नाही. शंभर बायकांनी एखादं साधन वर्षभर वापरलं, तर त्यातल्या साधारण किती जणींना दिवस जातात ते पाहू. आकडे रोजच्या वापराचे आहेत, म्हणजे विसरणं आणि उशीर होणं धरून.

- काहीच न वापरता: शंभरात ८५
- नवऱ्याने वेळेवर बाजूला होणं: शंभरात २०
- निरोध: शंभरात १३
- रोजच्या गोळ्या: शंभरात ७
- तीन महिन्यांचं इंजेक्शन: शंभरात ४
- तांबी: शंभरात एकीपेक्षा कमी
- बाईचं ऑपरेशन: हजारात ५
- पुरुष नसबंदी: हजारात १ ते २

आता गोळ्यांकडे नीट बघा. शंभरात सात जणींना दिवस जातात ते बहुतेक गोळी विसरल्यामुळे. एकही गोळी न चुकवता घेतल्या तर हा आकडा शंभरात एकीच्याही खाली येतो. इंजेक्शनचंही तसंच आहे. म्हणजे भीती वाटली की पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: "मी साधन जसं वापरायचं तसंच वापरलं का?" उत्तर "हो" असेल तर निम्मी भीती तिथेच कमी होते. उत्तर "नाही" असेल तर पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे. ते खाली साधनाप्रमाणे दिलं आहे.

२. पाळी बदलते ती कधी साधनामुळे, कधी दिवस गेल्यामुळे

पाळी आली नाही म्हणजे दिवस गेले, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण काही साधनं स्वतःच पाळी बदलतात. कोणत्या साधनाने काय होतं हे आधी माहीत असेल, तर अर्धी काळजी होणारच नाही.

रोजच्या गोळ्या (माला-एन). पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या गोळ्या दिवस जाऊ देत नाहीत. उरलेल्या ७ रंगीत गोळ्या लोहाच्या. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते. कधी ती अगदी थोडी येते, एखाद्या महिन्यात येतही नाही. सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या असतील तर एक पाळी न आल्याने घाबरू नका. तपासणी करून घ्या, पण नवं पाकीट ठरल्या दिवशी सुरू करा. बऱ्याच जणी "पाळी आल्यावर सुरू करीन" म्हणून थांबतात आणि नेमकी तिथेच चूक होते. नवं पाकीट उशिरा सुरू करणं ही गोळी विसरण्यातली सगळ्यात मोठी चूक आहे.

गोळी विसरली तर काय करायचं?
- एक पांढरी गोळी विसरली: आठवताक्षणी घ्या. त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं.
- लागोपाठ दोन किंवा जास्त पांढऱ्या गोळ्या विसरल्या: आठवताक्षणी एक घ्या, रोजच्या चालू ठेवा आणि पुढचे सात दिवस निरोध वापरा. विसरण्याच्या काळात संबंध आला असेल तर लगेच आशाताईला विचारा.
- पांढऱ्या गोळ्यांच्या तिसऱ्या आठवड्यात विसरल्या: उरलेल्या पांढऱ्या संपवा, लोहाच्या सोडून द्या आणि लगेच नवं पाकीट सुरू करा.
- लोहाची गोळी विसरली: काळजी नाही.
- गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली: आणखी एक घ्या.

आपल्याकडची नेहमीची अडचण वेगळीच आहे. नवरा नागपूरला कामाला असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. तो आला की गोळ्या चालू, गेला की बंद. असं केलं तर गोळ्यांचा उपयोग होत नाही. गोळी रोज घ्यायची, नवरा घरी असो की नसो. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत गोळ्यांनी मळमळ होते, छाती दुखरी होते, डोकं दुखतं. ही लक्षणं दिवस गेल्यासारखीच वाटतात, म्हणून भीती दुप्पट होते. बहुतेक वेळा हा गोळीचाच परिणाम असतो. आणखी एक: क्षयरोगाचं औषध (रिफाम्पिसिन) किंवा फिटचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यांतल्या काही औषधांनी गोळीचा जोर कमी होतो.

आठवड्याची गोळी (छाया). ही गोळी लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यात संप्रेरकं (हार्मोन) नाहीत, त्यामुळे अंगावर पाजणारी आईही घेऊ शकते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा, पहिल्या गोळीच्या वारीच. या गोळीने पाळी लांबते आणि कमीही जाते. त्यामुळे "छाया घेते आणि पाळी पुढं गेली" ही तक्रार नेहमीची आहे. पाळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर तपासणी करा. गोळी विसरली आणि सात दिवस व्हायचे असतील तर आठवताक्षणी घ्या आणि पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांच्या वर गेलं तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आठवड्यातून दोनदा, सुरू करावं लागतं.

तीन महिन्यांचं इंजेक्शन (अंतरा). सगळ्यात जास्त भीती या इंजेक्शनच्या बाबतीत दिसते. सुरुवातीला मधूनच थोडं थोडं अंगावर जातं, पुढे पाळी कमी होते आणि वर्षभरात साधारण निम्म्या बायकांची पाळी येणंच थांबते. "रक्त आत साचते म्हणतात" असं म्हणून सासू घाबरते, शेजारीण घाबरते आणि बाई इंजेक्शन सोडते. रक्त आत साचत नाही. इंजेक्शनमुळे गर्भाशयात दर महिन्याला तयार होणारा थर जाड होतच नाही, मग पडायला काही उरत नाही. म्हणजे अंतरा वेळेवर घेणाऱ्या बाईची पाळी थांबणं हा साधनाचा अपेक्षित परिणाम आहे.

मग काळजी कधी करायची? तारीख चुकली तर. पुढचं इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत घेता येतं. त्यापेक्षा उशीर झाला तर आधी तपासणी, मग इंजेक्शन, आणि तोपर्यंत निरोध. कापूस वेचणीच्या किंवा संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत तारीख हातून निसटते. म्हणून अंतराचं कार्ड बचतीच्या पासबुकात ठेवा. इंजेक्शन सोडल्यावर पुन्हा दिवस जायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागतात. त्या काळात "आता कधीच मूल होणार नाही" अशी उलटी भीतीही मनात धरू नका.

तांबी (कॉपर-टी). एक प्रकार पाच वर्षं चालतो, दुसरा दहा वर्षं. बसवलेली तारीख आणि काढायची तारीख लिहून ठेवा. मुदत संपलेली तांबी आत असणं आणि आपण निर्धास्त असणं हे बरोबर नाही. तांबीने पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, पोटात कळा येतात. पण तांबी पाळी थांबवत नाही. म्हणून तांबी असताना पाळी चुकली तर ती थेट तपासायची, वाट बघायची नाही. दोरा हाताला लागला नाही तर तांबी निघून गेली असेल किंवा दोरा आत सरकला असेल. नर्सताईला दाखवा आणि दाखवेपर्यंत निरोध वापरा. तांबी गर्भाशयातून काळजात चढते, छातीत जाते, या गोष्टी खऱ्या नाहीत.

निरोध. फाटला, सरकला किंवा एखाद्या वेळी वापरलाच नाही, तर रात्रभर रडत बसू नका. ईझी पिल ही तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर, तितका उपयोग जास्त. आशाताईकडे ती मिळते. ही गोळी गर्भपात करत नाही. दिवस आधीच गेले असतील तर तिचा काही उपयोग होत नाही आणि अपायही होत नाही. पण ती महिन्याच्या महिन्याला वापरायचं साधन नव्हे. ती घेतल्यावर पाळी थोडी मागेपुढे होते. एक आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी.

अंगावर पाजणं. "बाळ पितं तोवर दिवस जात नाहीत" हे अर्धं खरं आहे. तीन अटी एकाच वेळी पूर्ण असतील तरच त्यावर विसंबता येतं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, बाळंतपणानंतर पाळी अजून आलेली नाही, आणि बाळ फक्त अंगावरच पितं, वरचं दूध-पाणी नाही, दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नाही. एक अट तुटली की दुसरं साधन हवं. कारण बीज आधी तयार होतं, पाळी त्यानंतर येते. पहिली पाळी यायच्या आधीच दिवस गेलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत.

३. ऑपरेशन झालेल्या ताईंसाठी

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदी शंभरात एकाचीही नाही. म्हणजे हा भाग आपल्या प्रत्येक गटातल्या निम्म्या सभासदांचा आहे.

ऑपरेशन अतिशय भरवशाचं आहे. पहिल्या वर्षी हजारात पाच आणि दहा वर्षं मिळून हजारात अठरा-एकोणीस जणींना दिवस जातात. संख्या लहान आहे, पण शून्य नाही. म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली तर "तुझं तं ऑपरेशन झालंय, कशाला तपासते" असं कोणी म्हटलं, तरी तपासणी करायचीच.

हे का सांगतो ते एका खटल्यातून कळेल. हरियाणातल्या एका मजूर बाईने १९८८ मध्ये सरकारी रुग्णालयात ऑपरेशन करून घेतलं. तिला आधीच सात मुलं होती. पुढे दिवस गेल्याची शंका येऊन ती डॉक्टरकडे गेली, तर दिवस नाहीत असं सांगून तिला परत पाठवलं. दोन महिन्यांनी कळलं की दिवस आहेतच. तोवर गर्भपात जिवाला धोक्याचा ठरला होता. आठवं मूल झालं. ती न्यायालयात गेली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तिला मिळालेली ५४ हजार रुपयांची भरपाई कायम केली. तिची शंका पहिल्याच दिवशी गंभीरपणे घेतली असती, तर पुढचं काही घडलं नसतं.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ऑपरेशननंतर पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत सरकारी दवाखान्यात जा. दोन, ऑपरेशनचा दाखला जपून ठेवा. तो मिळाला नसेल तर मागून घ्या. तीन, ऑपरेशन फसलं तर सरकारकडून नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी दिवस गेल्याचं कळल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. हा अर्ज भरायला ग्रामसंघाने मदत करावी.

आणि एक नाजूक गोष्ट. नवऱ्याची नसबंदी झाल्यावर बायकोला दिवस गेले, तर गावात आणि घरात पहिला संशय तिच्यावर येतो. त्यापायी मारहाण झाली, संसार मोडायची वेळ आली, असं घडतं. खरी गोष्ट अशी: नसबंदीनंतर लगेच परिणाम होत नाही. तीन महिने निरोध किंवा दुसरं साधन वापरावंच लागतं. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून दाखला घ्यायचा असतो. तो दाखला घेतलाच नसेल तर बाईवर संशय घेणं हा अन्याय आहे. हे आपल्या घरातल्या पुरुषांनाही वाचून दाखवा.

४. तपासणी कशी करायची

आशाताईकडे "निश्चय" नावाचं तपासणीचं पाकीट असतं. ते मोफत आहे. मेडिकलमध्येही अशी पाकिटं मिळतात.

- पाळीची तारीख उलटली की तपासणी करता येते. पाळी अनियमित असेल किंवा येतच नसेल, तर शंकेच्या संबंधापासून तीन आठवडे झाल्यावर करा. त्याआधी केलेली तपासणी "नाही" म्हणाली तरी ती पक्की नसते.
- सकाळची पहिली लघवी कोरड्या, स्वच्छ भांड्यात घ्या.
- पाकिटावर सांगितले आहेत तेवढेच थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा.
- एक रेघ (सी जवळ): दिवस नाहीत. दोन रेघा: दिवस आहेत. दुसरी रेघ फिकट असली तरी ती धरायची. एकही रेघ नाही: पाकीट खराब, नवीन घ्या.
- एकच रेघ आली पण पाळी तरी येत नाही: आठवड्याने पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही तसंच असेल तर दवाखान्यात दाखवा.

पाळी लांबण्याची दुसरीही कारणं असतात. मोठा ताप, थायरॉइड, वजन एकदम कमी-जास्त होणं आणि खुद्द चिंता. दिवस गेल्याच्या भीतीनेच पाळी पुढे जाते आणि पाळी पुढे गेली म्हणून भीती वाढते, असं हे चक्र आहे. एका तपासणीने ते तुटतं. चाळिशी ओलांडलेल्या ताईंनीही "आता पाळी जायची वेळ झाली" म्हणून साधन सोडू नये. लागोपाठ बारा महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असं समजायचं.

५. दोन रेघा आल्या तर

पहिल्यांदा एक श्वास घ्या. आता भीतीच्या जागी निर्णय घ्यायचा आहे, आणि तो तुमचा आहे.

मूल ठेवायचं असेल तर: साधन बंद करा आणि नाव नोंदवा. "गोळ्या चालू होत्या, आता बाळात व्यंग येईल" ही भीती खूप जणींना असते. माला-एन किंवा अंतरा चालू असताना दिवस राहिले, तर त्यामुळे बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही. छाया घेत असाल तर तसं डॉक्टरांना सांगा. तांबी आत असेल तर मात्र लगेच दवाखान्यात जा. ती लवकर काढणं बरं असतं.

ठेवायचं नसेल तर: साधन वापरूनही दिवस राहिले, हे गर्भपातासाठी कायद्याने मान्य केलेलं कारण आहे. हा कायदा १९७१ चा. त्यात हे कारण आधी फक्त विवाहित बाईपुरतं होतं. २०२१ च्या सुधारणेने ते कोणत्याही बाईला लागू झालं. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. बाई अठरा वर्षांवरची असेल तर फक्त तिची सही लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. नाव गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. सरकारी रुग्णालयात ही सेवा मोफत आहे. मुलगा की मुलगी हे बघणं मात्र गुन्हा आहे; या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्यांनीही गर्भपात होतो. पण त्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय आणून घरी घेणं धोक्याचं आहे. दिवस किती भरले ते कळत नाही, गर्भ नळीत असेल तर गोळीने उतरत नाही, आणि अर्धवट राहिलं तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होतो. खाप्याच्या सरकारी दवाखान्यात आधी विचारा. तिथे सोय नसेल तर सावनेरचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर नागपूरला डागा स्त्री रुग्णालय किंवा मेडिकल. जाण्यायेण्याच्या खर्चाची अडचण असेल तर गटाचं अंतर्गत कर्ज कशासाठी आहे? रजिस्टरमध्ये कारण "आरोग्य" एवढंच लिहा. गर्भपातानंतर दोन आठवड्यांत पुन्हा दिवस जाऊ शकतात, म्हणून साधन त्याच भेटीत ठरवून घ्या.

६. इथे थांबायचं नाही

खालीलपैकी काही झालं तर रात्र असो की दिवस, १०८ ला फोन करा:

- पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतं
- चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, खांद्यात दुखतं
- रक्तस्राव इतका की तासाला एकाहून जास्त पॅड किंवा कापड भिजतं
- ताप आणि घाण वासाचा स्राव

पहिली दोन लक्षणं गर्भ नळीत असल्याची असू शकतात. तांबी किंवा ऑपरेशन असताना दिवस गेले तर हा धोका जास्त असतो. नळी फुटली तर तासांचा हिशेब असतो. फक्त सल्ला हवा असेल तर आरोग्य विभागाचा १०४ हा क्रमांक आहे.

७. बोलायला लाज कशाची?

"असं कसं बोलावं चारचौघीत?" असं वाटणाऱ्या ताईंना थोडा इतिहास सांगायला हवा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी "समाजस्वास्थ्य" हे मासिक चालवलं. त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पुढाकाराने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो मंजूर झाला नाही. पण जुलै १९४२ मध्ये आपल्या नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. तिथे हजारो बायकांसमोर बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका, मुलं फार होऊ देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं.

ऐंशी वर्षांपूर्वी नागपुरात भर परिषदेत जे बोललं गेलं, ते आज दहा-बारा जणींच्या बैठकीत बोलायला हरकत नाही. गटाने तीन गोष्टी कराव्यात. महिन्यातून एका बैठकीला आशाताई किंवा नर्सताईंना बोलवावं. ज्यांना हवी त्यांनी छोट्या वहीत पाळीची, गोळीच्या पाकिटाची आणि इंजेक्शनची तारीख लिहावी, हप्त्याची तारीख लिहितो तशीच. आणि गटात ऐकलेली गोष्ट गटाबाहेर जाणार नाही, हा नियम ठरावात घ्यावा. हा तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. तो पाळला गेला, तर चपला घालताना विचारला जाणारा प्रश्न बैठकीत विचारला जाईल.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. अंतरा वेळेवर घेणाऱ्या बाईची पाळी थांबली. तिला तुम्ही काय सांगाल?
२. माला-एनच्या लागोपाठ तीन पांढऱ्या गोळ्या विसरल्या. आता काय करायचं?
३. ऑपरेशन झालेल्या ताईची पाळी चुकली. किती दिवसांच्या आत दवाखान्यात जायचं?
४. गर्भपातासाठी कोणाची सही लागते?
५. आपल्या वस्तीतल्या आशाताईकडे आज "निश्चय" पाकीट आहे का? एकीने जाऊन विचारून यायचं आणि पुढच्या बैठकीत सांगायचं.